कर्णधार कोण? हिंदू संघातील १९२० चे बंड

१.
कल्याण स्थानकाच्या पुढे लोहमार्ग दुभंगतो. एक फाटा बोरघाट चढून पुण्याकडे जातो, दुसरा थळघाटातून नाशिककडे. १८५४ मध्ये रेल्वे कल्याणपर्यंत आली आणि १८६३ मध्ये बोरघाटाचा मार्ग खुला झाला. त्यानंतर पुणे आणि मुंबई या दोन शहरांतील क्रिकेटची ये-जा याच फाट्यावरून होऊ लागली. ज्या वादाची ही कथा आहे, त्यातील जवळजवळ सर्व पात्रे याच दोन शहरांची होती.

२.
हा वाद एका संघातील तारांकित खेळाडूंचा आणि त्या संघाच्या निवड समितीचा. वर्ष १९२०. संघ मुंबईच्या चौरंगी स्पर्धेतील हिंदूंचा. वरवर पाहता प्रश्न एवढाच होता की एका सामन्यापुरते नेतृत्व कोणी करावे. प्रत्यक्षात त्या काळच्या महाराष्ट्राने स्वतःला विचारलेला तो एक अत्यंत अवघड प्रश्न होता.

३.
प्रथम स्पर्धेविषयी. युरोपियन आणि पारशी यांच्यातील सामन्यांतून ही परंपरा सुरू झाली. १९०७ मध्ये हिंदू संघ आल्यावर ती तिरंगी झाली, १९१२ मध्ये मुसलमान संघ आल्यावर चौरंगी आणि १९३७ मध्ये ‘इतर’ हा पाचवा संघ आल्यावर पंचरंगी. रणजी करंडक सुरू होण्यापूर्वी देशातील सर्वाधिक प्रतिष्ठेचे क्रिकेट ते हेच. संघ धर्मानुसार पाडलेले होते. त्यामुळे ‘हिंदू’ म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न मैदानात उतरल्यावाचून राहणार नव्हता.

४.
बाळू पालवणकर यांचा जन्म १८७० च्या दशकात धारवाड येथे, चर्मकार कुटुंबात झाला. आडनाव कोकणातील पालवण गावावरून आलेले. वडील लष्करी सेवेत असल्याने बालपण छावणीच्या परिसरात गेले. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे चारही भाऊ पुढे हिंदू संघाकडून खेळले. एकाच घरातील चार खेळाडू, आणि घर अस्पृश्य मानले गेलेले.

५.
पुण्यात बाळूंची पहिली नोकरी पारशी क्रिकेटपटूंच्या मैदानावर होती. खेळपट्टी झाडायची, रोलर ओढायचा. वेतन महिना ३ रुपये. नंतर युरोपियनांच्या पूना क्लबात ४ रुपयांवर काम मिळाले. तेथे इंग्रज फलंदाजांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्यांची डावखुरी फिरकी घडली. जे. जी. ग्रेग हा नामांकित फलंदाज त्यांच्या गोलंदाजीवर तासन् तास सराव करी. आपल्याला बाद केल्यास तो दर वेळी आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे.

६.
पूना क्लबात त्यांनी असंख्य चेंडू टाकले. फलंदाजीची संधी मात्र जवळजवळ कधीच मिळाली नाही. त्या काळी फलंदाजी हा साहेबांचा आणि संस्थानिकांचा मान होता, तर गोलंदाजी हे श्रमाचे काम मानले जाई. ही विभागणी लक्षात ठेवावी. १९२० च्या वादाचे मूळ तीतच आहे.

७.
पुण्यातील हिंदू क्रिकेटपटूंना युरोपियनांना हरवायचे होते आणि त्यासाठी बाळूंसारखा गोलंदाज दुसरा नव्हता. संघात बहुतेक ब्राह्मण. काहींचा विरोध होता, काहींचा आग्रह होता. अखेर विजयाची इच्छा प्रबळ ठरली. बाळू संघात आले, पण चहाच्या वेळी त्यांना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे आणि जेवणाची पंगत वेगळी असे. सर्वांनी हाताळलेला चेंडू एकच होता. चहाचे भांडे मात्र एक नव्हते.

८.
१८९६ मध्ये प्लेगची साथ आली आणि बाळू पुढे मुंबईला आले. येथे रेल्वेची नोकरी मिळाली आणि मरीन लाइन्सचा परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना मिळाला. मुंबईचे वातावरण पुण्याच्या तुलनेत सैल होते. संघासोबत चहा-जेवणाची बंधने येथे हळूहळू ढिली झाली. सुधारकांच्या मते ही मोठी गोष्ट होती, आणि तशी ती होतीही.

९.
फेब्रुवारी १९०६. हिंदू विरुद्ध युरोपियन. हिंदूंच्या धावा २४२ आणि १६०. युरोपियनांच्या १९१ आणि १०२. हिंदू संघ १०९ धावांनी जिंकला. संघात बाळू आणि शिवराम दोघेही होते. वंगभंगाच्या आणि स्वदेशीच्या त्या दिवसांत या विजयाचा अर्थ केवळ क्रीडेपुरता उरला नाही. जातिभेद बाजूला ठेवला की काय साधते, याचा दाखला म्हणून सुधारक मंडळी या सामन्याकडे बोट दाखवू लागली.

१०.
१९११ मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी यथातथा झाली, पण बाळूंनी त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. वयाची पस्तिशी आली होती, खांदा कुरकुरत होता. परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सत्काराशी तरुण भीमराव आंबेडकरांचे नाव जोडले जाते. एका पिढीसाठी बाळू पालवणकर हे अभिमानाचे पहिले सार्वजनिक नाव होते.

११.
आता मुख्य प्रश्न. इंग्लंडमध्ये शंभर बळी घेणारा हा गोलंदाज हिंदू संघाचा कर्णधार का झाला नाही? १९१० नंतरच्या दशकात नेतृत्व प्रामुख्याने एम. डी. पै यांच्याकडे राहिले. पै उत्तम खेळाडू होते आणि सरळ मनाचे होते. आपल्या सत्कारप्रसंगी, हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी बाळूंना मिळायला हवा होता, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले होते. म्हणजे अन्याय होत आहे हे सर्वांना ठाऊक होते. ज्याला लाभ होत होता, त्यालाही ठाऊक होते.

१२.
येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावा. संघात घेणे आणि संघाचे नेतृत्व देणे या दोन निरनिराळ्या मान्यता आहेत. पहिलीत समाज एखाद्याचे कौशल्य वापरतो. दुसरीत समाज त्याचा हुकूम मानतो. कोणी कोठे उभे राहावे, कोणाच्या हाती चेंडू द्यावा, कोणाला विश्रांती द्यावी, हे कर्णधार ठरवतो. चर्मकाराच्या मुलाने टाकलेला चेंडू चालत होता. त्याने ब्राह्मण खेळाडूला सीमारेषेवर धाडणे चालणार होते का, हा खरा पेच होता.

१३.
१९२० उजाडले ते वेगळ्या वातावरणात. जानेवारीत डॉ. आंबेडकरांचे ‘मूकनायक’ सुरू झाले. मार्चमध्ये माणगाव परिषदेत शाहू महाराजांनी आंबेडकरांच्या नेतृत्वाचा जाहीर पुरस्कार केला. डिसेंबरच्या नागपूर काँग्रेसमध्ये असहकाराच्या ठरावासोबत अस्पृश्यता निवारणाचाही उच्चार झाला. नेतृत्व कोणाचे आणि कोणाच्या वतीने, हा प्रश्न मैदानाबाहेर रोज विचारला जात होता.

१४.
अशा वेळी त्या वर्षीच्या चौरंगी स्पर्धेसाठी निवड समितीने बाळूंना संघातून वगळले. वय पाहता हा निर्णय समर्थनीय मानता येईल. मात्र पुढचा निर्णय तसा नव्हता. मुसलमान संघाविरुद्धच्या सामन्यासाठी कर्णधार पै उपलब्ध नव्हते. त्यांच्या जागी समितीने नेमणूक केली ती पुण्याचे डी. बी. देवधर यांची. विठ्ठल आणि शिवराम दोघेही संघात होते, दोघेही देवधरांना ज्येष्ठ होते, आणि विठ्ठल तर त्या वेळी संघाच्या फलंदाजीचा कणा होते.

१५.
देवधर कमी दर्जाचे खेळाडू होते असे मुळीच नाही. पुण्याचे संस्कृतचे हे प्राध्यापक पुढे महाराष्ट्राचे कर्णधार झाले. १९३९-४० आणि १९४०-४१ असा सलग दोनदा रणजी करंडक महाराष्ट्राने त्यांच्याच नेतृत्वाखाली जिंकला. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही क्रिकेटरसिकांना परिचित आहे. म्हणूनच ‘देवधर विरुद्ध विठ्ठल’ ही दोन उत्तम खेळाडूंमधील स्पर्धा खरी होती. परंतु देवधरांना या कथेतील खलनायक ठरवणे म्हणजे समितीला सहज सोडून देणे होय. निर्णय त्यांचा नव्हता.

१६.
विठ्ठल आणि शिवराम यांनी सामन्यातून माघार घेतली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांनी माघारीचे कारण लेखी निवेदनाद्वारे वृत्तपत्रांतून जाहीर केले. ज्येष्ठता आणि कामगिरी डावलून शिक्षण आणि सामाजिक स्थान हे नेतृत्वाचे निकष मानले गेले, यामागे जात आहे, आणि हा केवळ दोघांचा नव्हे तर त्यांच्या समाजाचा अपमान आहे, असा त्या निवेदनाचा आशय होता.

१७.
या कृतीचे धाडस आज सहज ध्यानात येत नाही. विठ्ठल आणि शिवराम यांचे नाव, प्रतिष्ठा आणि ओळख या संघावर उभी होती. दुसरा संघ नव्हता. ते पारशी नव्हते, मुसलमान नव्हते, युरोपियन नव्हते. हिंदू संघ सोडला की त्या दर्जाचे क्रिकेटच सुटत होते. आजचा खेळाडू एक संघ सोडून दुसऱ्या संघाच्या बोलीत उतरतो. या भावांना तो मार्ग नव्हता. हाती काहीही नसताना त्यांनी प्रश्न विचारला.

१८.
वृत्तपत्रांत पत्रे आली, सभा झाल्या. मतेही दोन्ही बाजूंनी आली. खेळात जातीचा प्रश्न आणू नये, असे म्हणणारे तेव्हाही होते. हा युक्तिवाद दिसायला निर्मळ आहे, पण त्यात एक खोट आहे. जात खेळात आणली होती ती समितीने. भावांनी फक्त तिचे नाव घेतले. अन्याय करणाऱ्याला शांततेचा भंग करणारा मानले जात नाही, अन्याय उच्चारणाऱ्याला मानले जाते. संघातील वादांच्या इतिहासात हा उलटा न्याय वारंवार दिसतो.

१९.
पुढच्या, म्हणजे पारशांविरुद्धच्या सामन्यात तडजोड झाली. पै कर्णधार म्हणून परतले. बाळूंना संघात परत घेऊन उपकर्णधार करण्यात आले आणि भाऊही परतले. सामन्यात पै काही काळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ हिंदू संघाचे नेतृत्व बाळू पालवणकर यांनी केले. आयुष्यभराच्या कामगिरीनंतर कर्णधारपद लाभले ते असे, दुसऱ्याच्या सौजन्याने आणि घटकाभर.

२०.
हा प्रसंग बहुधा गौरवाने सांगितला जातो आणि पै यांच्या दिलदारपणाचे कौतुक होते. ते योग्यच आहे. तरीही त्याकडे दुसऱ्या बाजूने पाहणे आवश्यक आहे. समितीने या तडजोडीत आपली चूक मान्य केली नाही, निकष बदलला नाही. एका भल्या माणसाने मैदान सोडले म्हणून हक्काचे रूप उपकाराला आले. उपकाराची अडचण ही असते की तो पुढच्या वर्षी पुन्हा मागावा लागतो. म्हणूनच तडजोडीने वाद शमला, प्रश्न सुटला नाही.

२१.
प्रश्न सुटला तो १९२३ मध्ये. विठ्ठल पालवणकर यांची हिंदू संघाच्या कर्णधारपदी रीतसर नेमणूक झाली. अंतिम सामन्यात हिंदूंनी युरोपियनांना हरवले आणि विजयानंतर प्रेक्षकांनी विठ्ठलांना खांद्यावर घेतले. ज्याच्या थोरल्या भावाला मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळाला होता, त्याला उचलून घेणाऱ्या त्या गर्दीने कोणाची जात विचारली नसावी. पुढे विठ्ठलांनी मराठीत ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मकथन लिहिले. जिज्ञासूंनी ते अवश्य शोधावे.

२२.
म्हणजे १९२३ चा विजय १९२० च्या निवेदनाची फलश्रुती होती का? काळ बदलत होता, गांधीजींची मोहीम सुरू होती, विठ्ठलांची बॅटही बोलत होती. ही सर्व कारणे खरी आहेत. परंतु १९२० मध्ये भाऊ गप्प राहिले असते, तर समितीला नकार देताना कारण सांगण्याची गरजच पडली नसती. निवेदनानंतर ती गरज निर्माण झाली. डावलणे शक्य होते. न कळत डावलणे शक्य राहिले नव्हते.

२३.
बाळूंचे पुढचे आयुष्य हा या कथेचा अधिक गुंतागुंतीचा भाग आहे. १९३२ मध्ये त्यांनी स्वतंत्र मतदारसंघाऐवजी संयुक्त मतदारसंघाची बाजू घेतली; पुणे कराराच्या स्वाक्षरीकर्त्यांत त्यांचे नाव आहे. १९३७ च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने त्यांना डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. आंबेडकरांच्या तरुणपणातील नायक त्यांचाच प्रतिस्पर्धी झाला होता. बाळूंचे निधन १९५५ मध्ये झाले.

२४.
या निवडणुकीमुळे बाळूंचे मूल्यमापन करताना अनेक जण अडखळतात. त्यांचा राजकीय निर्णय चुकला असे मानण्याचा अधिकार सर्वांना आहे. पण ज्याने सर्व आयुष्य संयुक्त संघात खेळून काढले, अपमान गिळून आतूनच जागा मिळवली, त्याने राजकारणातही संयुक्त मार्ग निवडावा, यात विसंगती नाही. आणि त्याच्या वाट्याला आलेले ते घटकाभराचे कर्णधारपद पाहता, त्या मार्गावर आंबेडकरांनी अविश्वास दाखवावा, यातही विसंगती नाही. चौरंगीचा तो सामना दोघांच्याही युक्तिवादाचा पुरावा ठरतो.

२५.
हा प्रश्न एकट्या हिंदू जिमखान्याचा नव्हता. १९३६ मध्ये भारतीय संघ विजयानगरमच्या महाराजकुमारांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेला. सी. के. नायडू आणि विजय मर्चंट यांच्यासारखे खेळाडू संघात असताना नेतृत्व मिळाले ते वैभवाला. पहिल्या कसोटीपूर्वीच लाला अमरनाथ यांना बेशिस्तीच्या आरोपावरून मायदेशी धाडण्यात आले. नंतरच्या चौकशीत अमरनाथ निर्दोष ठरले आणि ठपका कर्णधारावर आला. निकष जातीचा असो वा जहागिरीचा, खेळाबाहेरचा निकष आत आला की संघ आतून फुटतो.

२६.
सातासमुद्रापारही हेच चित्र होते. वेस्ट इंडिज संघात कृष्णवर्णीय खेळाडूंनी दशकानुदशके धावा आणि बळी मिळवले, पण संपूर्ण मालिकेसाठी नियमित कर्णधारपद मिळण्यास फ्रँक वॉरेल यांच्यासाठी १९६० साल उजाडावे लागले, तेही सी. एल. आर. जेम्स यांनी वृत्तपत्रातून मोहीम चालवल्यानंतर. अमेरिकी व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये बिल रसेल १९६६ मध्ये बॉस्टन सेल्टिक्सचे प्रशिक्षक झाले. त्या देशाच्या प्रमुख व्यावसायिक लीगमध्ये आधुनिक काळात हे पद मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. त्यांनी १९६८ आणि १९६९ ची जेतेपदे जिंकून दाखवली. अंगमेहनत आधी मान्य होते, आज्ञा नंतर. मधला काळ कधी कधी दोन पिढ्यांचा असतो.

२७.
आता पुन्हा कल्याणच्या फाट्याजवळ. येथून जवळच्या डोंबिवलीत वाढलेल्या आणि लोकलने मुंबईच्या मैदानांवर जाणाऱ्या अजिंक्य रहाणेने सहा कसोटींत भारताचे नेतृत्व केले. चार जिंकल्या, दोन अनिर्णित राहिल्या, एकही गमावली नाही. अ‍ॅडलेडला ३६ धावांत गारद झालेला संघ त्याच्या हाती आला आणि १९ जानेवारी २०२१ रोजी ब्रिस्बेनला मालिका जिंकून उठला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचे उपकर्णधारपद गेले. त्याच दिवसांत एकदिवसीय संघाचे नेतृत्व विराट कोहलीकडून रोहित शर्माकडे गेले आणि त्यावर कोहली व मंडळाचे अध्यक्ष सौरव गांगुली यांची जाहीर विधाने परस्परविरोधी ठरली.

२८.
रहाणेची स्थिती आणि पालवणकर बंधूंची स्थिती एकच आहे, असे म्हणणे हा इतिहासाचा अपमान ठरेल. रहाणेच्या धावा आटल्या होत्या. कारण क्रिकेटचे होते, जातीचे नव्हते. साम्य आहे ते वेगळ्या जागी. १९२० मध्ये दार बंद करून निर्णय झाला आणि २०२१ मध्येही बंद दाराआडच झाला. रसिकांपर्यंत आले ते पदांचे फेरफार आणि दोन बाजूंची दोन निवेदने. कारण न सांगण्याची सवय शंभर वर्षांत सुटलेली नाही.

२९.
निवड समितीला निर्णयाचा अधिकार असतोच. त्या अधिकाराची किंमत म्हणून तिने कारण जाहीर करावे, एवढी अपेक्षा रास्त आहे. कारण जाहीर झाले की त्याची पारख होते. ‘शिक्षण आणि सामाजिक स्थान’ हे कारण उघड्यावर येताच ते टिकले नाही आणि तीन वर्षांत कर्णधार बदलला. बंद खोलीत तेच कारण आणखी किती वर्षे टिकले असते, याचा अंदाज करणे कठीण नाही.

३०.
म्हणून संघातील वादाची बातमी आली की ‘दोन ताऱ्यांचा अहंकार’ म्हणून ती बाजूला सारण्याआधी तरुण अभ्यासकांनी तीन गोष्टी तपासाव्यात. निर्णय कोणी घेतला? कोणत्या निकषावर घेतला? आणि तो निकष जाहीरपणे सांगण्याची कोणाची तयारी आहे? १९२० मध्ये विठ्ठल आणि शिवराम यांनी हेच तीन प्रश्न विचारले होते, आणि ते विचारण्यासाठी हातची बॅट खाली ठेवली होती.